उपग्रह गुलबर्ग्यापर्यंत आला होता

१९७५ च्या उन्हाळ्यात एक अमेरिकी उपग्रह आपली जागा सोडून पूर्वेकडे सरकू लागला. ए.टी.एस.-६ हे त्याचं नाव. ३० मे १९७४ ला तो अवकाशात गेला होता आणि पहिलं वर्ष त्याने अमेरिकेवर थांबून काढलं होतं. त्या वर्षात त्याच्याकडे एक वेगळं काम होतं. अलास्कात युकॉन नदीच्या काठावर फोर्ट युकॉन आणि गलीना ही दोन गावं आहेत. वस्ती मुख्यतः तिथल्या आदिवासींची, गावाला जोडणारा रस्ता नाही आणि हिवाळ्यात विमान उतरेलच याची खात्री नाही. अशा गावातल्या दवाखान्यात बसलेला रुग्ण या उपग्रहामुळे शेकडो मैलांवरच्या रुग्णालयातल्या डॉक्टरला काळ्या-पांढऱ्या पडद्यावर दिसू लागला.

त्याआधी १९७१ मध्ये ए.टी.एस.-१ या जुन्या उपग्रहावरून अलास्कातली २६ ठिकाणं नुसत्या आवाजाने जोडली गेली होती. तिथला जुना रेडिओ ध्रुवीय प्रकाशाच्या दिवसांत कित्येकदा मुका व्हायचा आणि नेमक्या अडीच्या वेळी डॉक्टरचा आवाज येत नसे. उपग्रहामुळे तो आवाज भरवशाचा झाला. पण त्या आवाजाच्या अलीकडे, रुग्णाच्या उशाशी कोण होतं, हे इथे जास्त महत्त्वाचं आहे. तिथे गावाने आपल्यातूनच निवडलेली आरोग्यसाहाय्यक होती, बहुधा एखादी बाई. ताप मोजणं, जखम धुणं, बाळाचा श्वास मोजणं तिला शिकवलेलं होतं. १९६८ पासून सरकारी पगारावर हे काम रीतसर सुरू झालं. रोज ठरलेल्या वेळी ती डॉक्टरशी बोलायची, एकेका रुग्णाची हकीकत सांगायची आणि डॉक्टर तिच्या डोळ्यांवर विश्वास टाकून औषध सांगायचा. पुढे उपग्रह बदलले, यंत्रं बदलली, या साहाय्यक मात्र आजही त्या गावांत काम करतात.

साधारण त्याच सुमारास ॲरिझोनाच्या वाळवंटात पापागो या आदिवासींच्या राखीव प्रदेशात नासा आणि लॉकहीड कंपनीने मिळून एक फिरती गाडी चालवली. गाडीत क्ष-किरण यंत्र, तपासणीची सोय आणि कॅमेरा होता. सूक्ष्मलहरींच्या मनोऱ्यांवरून ती सेल्स गावच्या आणि पुढे फिनिक्सच्या डॉक्टरांशी जोडलेली होती. अंतराळवीरांची नाडी पृथ्वीवरून कशी तपासायची, हे शोधताना हाती आलेलं तंत्र आधी पृथ्वीवरच्या दूरच्या माणसांवर वापरून पाहावं, असा त्यामागचा विचार होता. या गाडीतही रुग्णाला हात लावणारे त्या प्रदेशातलेच शिकवून तयार केलेले कर्मचारी होते.

असा अनुभव गाठीशी असलेला उपग्रह भारताच्या वाट्याला आला, तो वर्षभराच्या बोलीवर. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये नासाशी करार झाला होता. साराभाई १९७१ च्या अखेरीस गेले, आणि अहमदाबादेत यशपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोग तडीस नेला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतल्या २४०० गावांत सामुदायिक दूरदर्शन संच लागले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री शाळेजवळ उभी राहायची आणि संध्याकाळी सगळा गाव संचासमोर जमायचा. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि मुलांसाठी विज्ञान असे कार्यक्रम असत. 'साइट' या नावाने हा प्रयोग जगभर गाजला.

कर्नाटकात त्यासाठी निवडलेल्या जिल्ह्यांत गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर होते. गुलबर्गा आणि रायचूर १९५६ पर्यंत परभणी-नांदेडसोबत एकाच हैदराबाद राज्यात होते. निजामी राजवटीत दवाखाना, शाळा आणि रस्ता या तिन्ही बाबतींत दोन्हीकडची दैना सारखीच होती. भाषावार प्रांतरचना झाली, ते म्हैसूरकडे गेले आणि आपण मराठवाडेकर मुंबई राज्यात आलो. वीस वर्षांनी उपग्रह आला तो कानडी, तेलुगू, हिंदी आणि उडिया बोलत आला. सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. अलास्कातल्या आदिवासींना डॉक्टर दाखवून आलेलं ते यंत्र वर्षभर आपल्या शेजाऱ्यांशी बोललं, आणि हिंगोलीच्या डोंगरातल्या माणसाला त्याची खबरही लागली नाही.

आलं असतं तरी फार काही घडलं नसतं, असं मला वाटतं. अलास्कात तो संवाद दोन्ही बाजूंनी होता. उपग्रह भारतात आला तेव्हा तो संवाद एकतर्फी झाला. पडद्यावरचा डॉक्टर गावाला दिसायचा, गावातला रुग्ण डॉक्टरला दिसत नव्हता. त्या वेळचा देश आणि २४०० गावांचा पसारा पाहता दुसरं काही जमण्यासारखंही नव्हतं. पण दूरच्या माणसाला आपण सांगायचं आणि त्याने ऐकायचं, ही सवय आपल्या सरकारी आरोग्यसेवेला जडली आणि ती बरीच वर्षं टिकली.

आता हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावर येऊ.

हे ठिकाण नकाशात पाहिलं तर कुणी त्याला दुर्गम म्हणणार नाही. तुळजापूर–नागपूर आणि अकोला–नांदेड हे दोन राष्ट्रीय महामार्ग इथे भेटतात. ट्रक थांबतात, ट्रॅव्हल्स थांबतात, इथली गरम खिचडी खायला माणसं मुद्दाम गाडी वळवतात. नांदेड इथून चाळीसेक किलोमीटर आहे. आजूबाजूला हळद, केळी, ऊस. पण फाट्यावरून कळमनुरी आणि औंढ्याच्या बाजूला वळलं की काळी जमीन हळूहळू संपते, मुरमाड माळ लागतो आणि डोंगराच्या कुशीत आंध समाजाच्या वाड्या दिसू लागतात. हिंगोली, नांदेड, परभणी आणि पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात हा समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. अनुसूचित जमातीत त्यांची नोंद आहे आणि कळमनुरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही आहे. भाषा मराठी, पेहराव शेजारच्या कुणब्यासारखा. शहरातल्या माणसाच्या मनातलं आदिवासींचं जे चित्र असतं, त्यात ही माणसं बसत नाहीत, आणि त्याची किंमत त्यांनी वर्षानुवर्षं मोजली आहे.

ती किंमत कागदावर दिसते. सरकारी निकषांनुसार सपाटीवर ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० मागे एक उपकेंद्र असतं. आदिवासी आणि डोंगरी भागासाठी हे आकडे २०,००० आणि ३,००० असे खाली येतात. नांदेड जिल्ह्यातला किनवट हा जुन्या आदिलाबादमधून आलेला तालुका घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात आहे. १९९५ मध्ये कुपोषण आणि बालमृत्यूंच्या बोंबेनंतर राज्याने नवसंजीवनी योजना आणली, तेव्हा किनवटमुळे नांदेडचं नाव त्या जिल्ह्यांच्या यादीत आलं. कळमनुरी आणि औंढा मात्र अनुसूचित क्षेत्रात नाहीत. १ मे १९९९ ला परभणीतून निघून हिंगोली जिल्हा झाला, तरी ही रेषा जागची हलली नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. त्यातला दहावा हिस्सा, थोडा कमी असेल, अनुसूचित जमातींचा होता. एवढी माणसं आदिवासी आहेत, पण ती राहतात तो मुलूख सरकारच्या लेखी आदिवासी नाही.

त्यामुळे इथलं अंतर किलोमीटरमध्ये मोजून कळत नाही. वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत पायी किंवा मोटारसायकलवर. तिथून काळीपिवळी मिळाली तर आखाडा बाळापूर किंवा कळमनुरी. तिथे कुणी तरी नाडी पाहतं, सलाईन लावतं आणि म्हणतं, "नांदेडला हलवा." मराठवाड्यातल्या कुठल्याही खेड्यात हे दोन शब्द ऐकले की घरातली बाई आधी कानातलं काढते, कारण गाडीभाडं, तिथलं राहणं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी हे सगळं त्या दोन शब्दांत येतं. २६ जानेवारी २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका फुकट मिळू लागली आणि जाण्याचा प्रश्न पुष्कळ सुटला. येण्याचा सुटला नाही.

मराठवाड्यात तज्ज्ञ डॉक्टर कसा कसा जवळ आला, तेही पाहण्यासारखं आहे. औरंगाबादचं वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चं. अंबाजोगाईचं सत्तरच्या दशकातलं, ग्रामीण भागासाठी म्हणून मुद्दाम काढलेलं. नांदेडचं १९८८ चं. म्हणजे कळमनुरीच्या माणसाला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला तज्ज्ञ चाळीस-पन्नास मैलांच्या आत यायला स्वातंत्र्यानंतरही चार दशकं लागली.

उपग्रह फिरून आपल्याकडे यायला त्याहून उशीर झाला. २४ मार्च २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यातलं अरगोंडा हे गाव अपोलो रुग्णालयाशी जोडलं गेलं. ते अपोलोच्या संस्थापकांचंच मूळ गाव. २००१ मध्ये इस्रोने टेलिमेडिसिनचे, म्हणजे दूरवैद्यकाचे, पहिले प्रयोग हाती घेतले. मग लेह, लक्षद्वीप, अंदमान, ईशान्येकडची राज्यं आणि कर्नाटकातलं चामराजनगर एकामागून एक जोडली गेली. छतावर थाळी, खोलीत कॅमेरा, ईसीजीचं यंत्र आणि क्ष-किरणाची फिल्म चढवायचा स्कॅनर. इस्रोच्या या जाळ्यात पुढे तीनशेहून जास्त दूरची रुग्णालयं साठ तज्ज्ञ रुग्णालयांशी जोडलेली होती. कोकणात चिपळूणजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय टाटा मेमोरियलशी जोडलं गेलं, आणि कर्करोगाच्या रुग्णाच्या मुंबईच्या खेपा वाचू लागल्या. खेप वाचली म्हणजे काय वाचलं, हे परळच्या पदपथावर मुक्काम केलेल्या घरांनाच कळेल.

महाराष्ट्र सरकारने २००७-०८ च्या सुमारास मुंबईचं केईएम रुग्णालय केंद्रस्थानी ठेवून पाच जिल्हा रुग्णालयं जोडली: सिंधुदुर्ग, सातारा, लातूर, बीड आणि नंदुरबार. पाचांत दोन मराठवाड्यातली आणि एक पुरत्या आदिवासी जिल्ह्याचं. निवड चांगली होती. पुढे आणखी जिल्हा रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयं त्यात आली. जिल्हा रुग्णालयातला डॉक्टर रुग्णाचे कागद पाठवायचा, ठरलेल्या वेळी केईएमचा तज्ज्ञ पडद्यावर यायचा, दोघं चर्चा करायचे आणि कित्येकांना मुंबईला जावं लागत नसे.

तरीही नंदुरबारचा विचार केला की त्या प्रकल्पाची मर्यादा लख्ख दिसते. यंत्र नंदुरबार शहरात होतं. भिल्ल आणि पावरा माणूस राहतो तो धडगाव-अक्कलकुव्याच्या सातपुड्यात. सरदार सरोवराचं पाणी चढल्यावर नर्मदाकाठच्या पाड्यांना दवाखाना बोटीवरून पाठवावा लागला, असा तो मुलूख. तिथल्या बाळंतिणीला आधी घाट उतरून नंदुरबार गाठायचं आणि मग केईएमच्या डॉक्टरला पडद्यावर भेटायचं. शहर महानगराशी जोडलं गेलं, पाडा शहराशी जोडायचा राहिला. टेलिमेडिसिनची पहिली दहा वर्षं देशभर बहुतेक ठिकाणी अशीच गेली. सप्टेंबर २०१० मध्ये टेलिमेडिसिनसाठीही वापरल्या जाणाऱ्या एज्युसॅट उपग्रहाचं आयुष्य संपलं. पुढच्या काळात उपग्रहाच्या जागी तारेवरचं आणि मोबाइलचं इंटरनेट आलं, आणि अनेक ठिकाणच्या छतांवरच्या थाळ्यांचं काम संपलं.

या सगळ्या काळात महाराष्ट्रात दुसरा एक प्रवाह वाहत होता आणि त्याला कुणी टेलिमेडिसिन म्हणत नव्हतं. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला काम सुरू केलं. गावोगावच्या, पुष्कळदा निरक्षर, पुष्कळदा दलित बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. नासाची गाडी ॲरिझोनात फिरत होती त्याच वर्षांत जामखेडच्या बायका बाळंतपणं करत होत्या, अतिसाराच्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी पाजत होत्या आणि कुठला रुग्ण आपल्या हातचा नाही हे ओळखत होत्या. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना आरोग्यदूत केलं. बाळाचा श्वास मोजायला मण्यांचं साधं यंत्र, वजनकाटा, उबदार पिशवी आणि जंतुसंसर्ग ओळखायची ठरलेली लक्षणं एवढ्या सामग्रीवर ३९ गावांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये तो निष्कर्ष छापून आल्यावर जगाला नोंद घ्यावी लागली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावोगावी आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, त्यामागे जामखेड आणि गडचिरोलीचा अनुभव होता.

म्हणजे रुग्णाजवळचा शिकवलेला हात महाराष्ट्राकडे होता, आणि तो जवळजवळ अलास्काइतकाच जुना होता. दूरचा डॉक्टरही हळूहळू पडद्यावर येत होता. पण डॉक्टर जिल्ह्याच्या रुग्णालयात आणि हात वाडीत, अशी त्यांची ताटातूट कितीतरी वर्षं राहिली. माझ्या मते आपल्याकडच्या टेलिमेडिसिनच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं नुकसान ही ताटातूट आहे. उपग्रह उशिरा आला, हे त्यापुढे फार मोठं नाही.

मधल्या काळात मेळघाटात एक वेगळा प्रयत्न झाला. धारणी तालुक्यातलं हरिसाल हे कोरकूंचं गाव २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टने 'डिजिटल गाव' म्हणून हाती घेतलं आणि तिथलं आरोग्य केंद्र टेलिमेडिसिनने शहरातल्या डॉक्टरांशी जोडलं. मेळघाट हे नाव कुपोषणामुळे राज्याच्या काळजात रुतलेलं, म्हणून त्याची चर्चा खूप झाली. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांच्या सभांतून हरिसालचं डिजिटलपण खरं की खोटं, हा वाद राज्यभर पोचला. दोन्ही बाजूंनी चित्रफिती दाखवल्या गेल्या. त्या धुरळ्यात एक गोष्ट मागे पडली. कोरकू बाई आपलं दुखणं कोरकूत सांगते. पडद्यावरचा डॉक्टर मराठी-हिंदीत विचारतो. मध्ये दुभाष्याचं काम करणारी आशा किंवा परिचारिका नसेल तर कितीही वेगाचं इंटरनेट असो, निदान चुकतं. मेळघाटात भूमकांना, म्हणजे गावच्या पारंपरिक वैद्यांना, रुग्ण दवाखान्यात आणण्यासाठी मानधन देण्याची योजनाही राबवली गेली. कोरकू माणूस आजारपणात आधी कोणाच्या दारात जातो, हे ज्याला ठाऊक होतं त्याने ती सुचवली असणार.

कायद्याचंही एक भय होतं. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीतल्या एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन नाकारला. डॉक्टर जागेवर नसताना फोनवरून उपचार सांगितले गेले होते. निकाल त्या घटनेपुरता होता, पण फोनवर औषध सांगितलं तर तुरुंगात जावं लागेल, असा धसका राज्यातल्या डॉक्टरांनी घेतला. टेलिमेडिसिन चालावं असं सरकारला वाटत होतं, मात्र ते कसं चालावं याचा नियम देशात नव्हता.

तो नियम आला २५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. कोणती औषधं नुसत्या फोनवर सांगता येतील, कोणत्यांसाठी रुग्ण डोळ्यांनी पाहायला हवा, कोणती कधीच सांगायची नाहीत, हे त्यात ठरलं. मला त्यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो आरोग्य कर्मचाऱ्यामार्फत होणाऱ्या सल्ल्याचा. परिचारिका, एएनएम किंवा मधल्या पातळीचा आरोग्य कर्मचारी रुग्णाला तपासेल, हकीकत घेईल आणि डॉक्टरला सांगेल. डॉक्टर त्यावरून उपचार ठरवेल. अलास्कातली बाई ५० वर्षांपूर्वी करत होती तेच काम भारतात कायद्याने मान्य झालं.

त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, मोहालीच्या सी-डॅकने बनवलेली ई-संजीवनी सुरू झाली होती. १३ एप्रिल २०२० पासून घरबसल्या डॉक्टरला दाखवायची सोय तिच्यात आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशभरातल्या सल्ल्यांनी १० कोटींचा टप्पा ओलांडला. महाराष्ट्रात उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, पुढे त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळालं आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. बहुतेक आयुर्वेदाचे पदवीधर किंवा नर्सिंग झालेले, वर सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेले. हात आणि पडदा अखेर एका खोलीत आले.

ती खोली जवळून पाहावी अशी असते. दोन टेबलं, भिंतीवर लसीकरणाचा तक्ता, कोपऱ्यात तपासणीचा पलंग. सकाळी अकराच्या सुमाराला वाडीवरची एक वयस्क बाई सुनेला घेऊन आली आहे. तक्रार एवढीच की चार दिवस झाले, "उठलं की डोकं गरगर करायलंय." आरोग्य अधिकारी मॅडम आधी बसवतात, पाणी देतात. रक्तदाब घेतात, दहा मिनिटांनी पुन्हा घेतात. बोटाला टोचून साखर आणि हिमोग्लोबिन पाहतात. मग टॅबवर नाव, वय, आकडे भरतात आणि डॉक्टरच्या रांगेत नंबर लागतो. डॉक्टर पडद्यावर येतात, म्हणतात, "डोळे दाखवा." मॅडम बाईची खालची पापणी अलगद ओढून कॅमेरा जवळ नेतात, पण ट्यूबलाइटच्या उजेडात पडद्यावर सगळ्यांचेच डोळे फिके दिसतात. म्हणून त्या स्वतः पाहून सांगतात, "सर, फिकट आहेत, हिमोग्लोबिन आठ आलंय, पायाला सूज नाही." डॉक्टर विचारतात, गोळ्या चालू आहेत का? बाई नाही म्हणते. सून मध्येच बोलते, "हायेत की, बीपीच्या. लग्नाच्या गडबडीत बंद केल्या." निदान इथे झालं, आणि ते सुनेमुळे झालं. चिठ्ठी निघते, गोळ्या तिथल्याच कपाटातून मिळतात. मॅडम बाईला सांगतात, "मावशी, पुढच्या सोमवारी परत यायचं. नाही आलात तर मी आशाताईला घरी पाठवीन." नांदेडची खेप वाचली.

सगळं असं सरळ होतच असं नाही. पावसाळ्यात वीज जाते, डोंगराच्या आडोशाला मोबाइलची रेंज येत-जात राहते. अशा केंद्रासाठी कागदावर १०५ औषधं आणि १४ तपासण्या ठरलेल्या आहेत. चिठ्ठीवरची गोळी त्या दिवशी कपाटात नसली तर सल्ल्याचा उपयोग निम्मा होतो. शिवाय सरकार जो आकडा सांगतं तो सल्ल्यांचा. सल्ल्यानंतर बाईचा रक्तदाब उतरला का, ती सोमवारी आली का, याचा आकडा कोणी जाहीर करत नाही. आणि त्या खोलीतला सगळ्यात मोलाचा माणूस, समुदाय आरोग्य अधिकारी, कंत्राटी आहे. वाडीवरच्या घरात कोण दारू पितं, कोणाच्या गोळ्या लग्नात बंद झाल्या, हे जाणायला तिला दोन-तीन वर्षं लागतात. कंत्राट संपलं किंवा दुसरीकडे नोकरी लागली की हे सारं ज्ञान तिच्यासोबत निघून जातं.

पडद्याने काय होत नाही, हेही नांदेडने दाखवलं. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांतली १२ लहान बाळं होती. देश हादरला. औषधं, मनुष्यबळ, व्यवस्थापन यांवर बोललं गेलं, ते योग्यच होतं. पण रुग्णालयाने सांगितलेली आणखी एक गोष्ट होती: ७०-८० किलोमीटरच्या परिसरातून, शेजारच्या जिल्ह्यांतूनही, अगदी शेवटच्या अवस्थेतले रुग्ण इथे येतात. शेजारच्या त्या जिल्ह्यांत हिंगोली आहे आणि कळमनुरीकडून येणारी रुग्णवाहिका वारंगा फाट्यावरूनच जाते. कमी वजनाचं बाळ पडद्यावरून श्वास घेऊ शकत नाही. मात्र सातव्या महिन्यात आईचा रक्तदाब वाढलाय, हे पडद्यावरून वेळेत कळू शकतं आणि कळमनुरीच्या पुढे तिला हलवायची वेळ ठरवता येते. दूरवैद्यकाकडून मागावं ते एवढंच, आणि हे थोडं नाही.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यात हिंगोली आहे. जिल्ह्याच्या पंचवीस वर्षांच्या आयुष्यात प्रथमच वैद्यकीय महाविद्यालयातले सरकारी तज्ज्ञ जिल्ह्यातच बसणार आहेत. कळमनुरी-औंढ्याच्या उपकेंद्रांचा पडदा लांबच्या अनोळखी डॉक्टरऐवजी हिंगोलीच्या तज्ज्ञांशी जोडता येईल, आणि पडद्यावर पाहिलेला रुग्ण त्याच डॉक्टरला आठवड्याने प्रत्यक्ष पाहता येईल. अलास्कातल्या व्यवस्थेचं बळ यातच होतं. गावातली बाई आणि रुग्णालयातला डॉक्टर एकमेकांना नावाने ओळखत.

त्यासाठी वेळही बदलावी लागेल. हळद काढणीच्या आणि शिजवणीच्या दिवसांत, जानेवारी ते मार्च, आंध आणि बंजारा बायका सकाळी सहाला शेतात जातात आणि दिवे लागल्यावर परततात. त्या काळात सकाळची ओपीडी त्यांच्या उपयोगाची नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी पडदा उघडा ठेवला तर त्या येतील. दिवाळीनंतर कळमनुरी, औंढा, सेनगाव भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिकडे पाच-सहा महिने गरोदर बाईला ओळखणारं कोणी नसतं. २०२१ पासून आभा या आरोग्य ओळख क्रमांकावर रुग्णाची नोंद देशभर कुठेही उघडता येईल अशी सोय सरकारने केली आहे. मग टोळी निघण्याआधी तिच्या मुकादमाकडून कारखान्याचं नाव घ्यायचं, तिथल्या आरोग्य केंद्राला गरोदर बायकांची यादी द्यायची आणि महिन्यातून एकदा कळमनुरीच्या मॅडमनी ऊसफडातल्या त्याच बाईशी पडद्यावर बोलायचं. यासाठी नवा उपग्रह लागत नाही. मॅडमची नेमणूक तेवढी कायम करावी लागेल.